राहीच्या वजनाचे नारळ

१४ नोव्हेंबर १९६१

आज श्रीवर्धनच्या डॉक्टरच्या थोबाडीत देणार होतो. राही मध्ये आली म्हणून वाचला.

ही डायरी मला मच्छीमार सोसायटीनं दिली. होडीला इंजिन बसवलं तेव्हा तिथला साहेब म्हणाला, कोंडाजी तांडेल, तुम्ही चौथी शिकलात, डिझेल किती जळलं ते रोज लिहीत जा. डिझेल खलाशी बघतात. मी माझ्या मनातलं लिहिणार. माणसांपुढं बोलायला गेलो की माझा आवाज चढतो आणि माणसं उठून जातात. वही कुठं उठून जातेय?

तर डॉक्टर. आमची रतन मुंबईहून दिवाळीला आलेली. आईला सारखी तहान लागते, पायाला मुंग्या येतात, चार पावलं चालली की बसते, हे बघून तिनं डोकं खाल्लं. म्हणून आज होडीनं गेलो. किनाऱ्याला राहीला पाण्यातून उचलून घ्यायला माझ्याबरोबर दोन खलाशी लागले. लग्न झालं तेव्हा मी तिला एका खांद्यावर टाकून आणायचो. आता तीन गडी लागतात. एका घरात एवढं सुख आलंय, आणखी काय पाहिजे?

डॉक्टरनं विचारलं, "मोरीत मुंग्या लागतात का?" मी म्हटलं, दवाखाना आहे की कीटकनाशकाचं दुकान? मग कसली तरी बाटली तापवली आणि म्हणाला, "बाईंच्या लघवीत साखर आहे. अंग फार वाढलंय. साखर बंद, तळलेलं बंद, गिरणीचा पांढरा भात अगदी थोडा. नाचणीची भाकरी, भाजी, मासे खायचे. आणि रोज चालायचं."

नाचणी! माझा बाप नाचणीची आंबील पिऊन पिऊन मेला. मी त्याला तोंडावर सांगितलं, "आमच्या घरात साखर आहे म्हणून लघवीत साखर आहे. ज्याच्या घरात नाही त्याच्या लघवीत कुठून येणार? कोळ्याची बायको भरल्या अंगाची झाली हे तुम्हा लोकांना बघवत नाही."

तो शांतपणे म्हणाला, "तांडेल, भरलेलं अंग वेगळं आणि हे वेगळं." तेव्हाच माझा हात उठला.

१५ नोव्हेंबर

रात्रभर चरफडत होतो. मोरीत जायला दोनदा उठलो. वय झालं, दुसरं काय.

एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे कळेल मी का भडकलो. सत्तेचाळीस साली, झेंडा लागला त्याच पावसाळ्यात, राहीला विषमज्वर झाला. पेजेला घरात तांदूळ नव्हता. रेशनवर मिळाला तो किडका. राहीच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत वर जायची. मी तिला एका हातानं उचलून मोरीपर्यंत न्यायचो आणि बाहेर येऊन रडायचो. तेव्हा गावदेवीपुढं जाऊन बोललो, आई, ही उठली तर हिच्या भारोभार नारळ तुला देईन. आठ दिवसांत राही उठून बसली.

पण नारळ आणणार कुठून? वाड्या दुसऱ्यांच्या, माड दुसऱ्यांचे. दर चैत्राच्या जत्रेला मी देवीला म्हणायचो, पुढच्या वर्षी. देवीनं ऐकून घेतलं. आता इंजिन आलं, बर्फाचा ट्रक बंदरावर येऊन मासळी उचलतो, चार माणसं मला तांडेलशेट म्हणतात. येत्या चैत्रात राहीची नारळतुला करायची. सगळ्या कोळीवाड्यापुढं राहीला पारड्यात बसवायची.

आणि हा डॉक्टर म्हणतो हिला वाळवा! देवीला कबूल केलेलं वजन आधीच कापून ठेवायचं? ही चोरी झाली. माणसाशी केली तर पोलीस धरतात, देवीशी केली तर कोण धरतं ते मला नीट माहीत आहे.

राहीला सांगितलं, जत्रेपर्यंत डॉक्टरचं काही चालणार नाही. जत्रेनंतर मग नाचणी खा, माती खा, तुझी मर्जी.

ती म्हणाली, "म्हंजे देवी माझ्या चरबीची वाट बघत बसली हाय व्हय?"

अशी बोलते. आजारी बाई असं बोलेल का?

१० डिसेंबर

आज डबे तपासले. तांदळाच्या पिंपामागं नाचणीचं पीठ सापडलं. मी समुद्रावर गेलो की ही चोरून भाकरी थापते. पीठ जनीनं दिलं असणार. जनी म्हणजे शेजारची, राहीची जोडीदारीण. दोघी वीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजाराला जायच्या. जनी अजून जाते. वाळलेल्या सुकटीगत अंग आहे तिचं, तरी तोरा बघा. तिच्या नवऱ्याला इंजिन घेता आलं नाही, तर माझ्या बायकोला आपल्यासारखी करायला निघालीय.

पीठ कोंबड्यांना घातलं.

माझी आई पहाटे उठून भात कांडायची. हाताला घट्टे, खांदे भरून यायचे. म्हणून गिरणी आली तेव्हा सगळ्यांत आधी माझं भात तिथं गेलं. कोंडा नाही, लाल साल नाही, पांढरा स्वच्छ तांदूळ. आता वनस्पती तुपाचा डबा येतो, त्यात पुऱ्या होतात. दुपारच्या चहाला खारी बिस्किटं आगबोटीनं मुंबईहून येतात. स्वराज्य आलं ते कशाला? नाचणी खायला?

राहीसमोर बसून तिला चार पुऱ्या वाढल्या. खाईपर्यंत उठलो नाही. ती खाली मान घालून खात होती. तहान तहान करत होती म्हणून कोकमाचं सरबत केलं, साखर माझ्या हातानं घातली. दोन तांबे प्यायली. नवरे बायकोला पाणी विचारत नाहीत, मी सरबत करून दिलं. तरी चेहरा पडलेला.

परटानं माझा सदरा आटवला. गुंडी लागत नाही. उद्या त्याला बघतो.

२३ जानेवारी १९६२

आज माझं नाक कापलं गेलं.

श्रीवर्धनला दोरखंड घ्यायला गेलो होतो. मासळीबाजारातून जाताना सुपारीच्या वखारीवरचा मुनीम हसून म्हणाला, "तांडेलशेट, इंजिन बंद पडलं की काय? मालकीणबाई पुन्हा पाटी घेऊन?" बघतो तर राही. जनीच्या शेजारी जमिनीवर बसलेली, पुढं बांगडे मांडलेले, घामानं निथळत होती आणि कुणाशी तरी भावावरून भांडत होती. हसत भांडत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या बाजारासमोर बोललो, काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर कळलं, पंधरा दिवस चाललंय. मी पहाटे समुद्रावर गेलो की या दोघी चालत श्रीवर्धनला निघायच्या. आधी जनी दोन्ही पाट्या घ्यायची, हळूहळू राही आपली आपण घ्यायला लागली.

"मला बरं वाटतंय वो," राही म्हणाली. "पायाच्या मुंग्या कमी झाल्यात. राती झोप लागते. चोळी सैल झाली."

चोळी सैल झाली! तेच मला ऐकायचं नव्हतं. मी विचारलं, "देवीचं वजन तू बाजारात नेऊन विकतेस काय?"

"माझं वजन हाय ते. देवीचं न्हाय."

मी पाटी उचलली आणि बंदरावर जाऊन ओहोटीच्या पाण्यात फेकली. जुनी पाटी होती, कडेला तिनं स्वतः वेत भरलेला. तरंगत गेली. राही दारात उभी राहून बघत होती. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल.

जनी कमरेवर हात ठेवून उभी होती. "कोंडाजीदादा, तिला मरायला घालतोस तू." मी म्हटलं, तुझ्या घरात बघ.

२६ फेब्रुवारी

देवीचा पुजारी रावजी गुरव. त्याच्याकडे तुलेचं ठरवायला गेलो. मोठा काटा सुपारीच्या वखारीतून आणायचा, देवळापुढच्या वडाच्या फांदीला टांगायचा, एका पारड्यात पाट ठेवून राही, दुसऱ्यात सोललेले नारळ.

सगळं ऐकून रावजी म्हणतो, "तांडेल, नवस बोललास तेव्हा ती काडी होती. तेवढेच दे. नायतर पाच नारळ ठेव आणि हात जोड. आई काय काटा घेऊन बसलीय?"

पुजारी आहे की कोण आहे? त्याला म्हटलं, "रावजी, तू देवीच्या बाजूचा की माणसांच्या?" तो म्हणाला, "राहीवहिनीचं तोंड सुकलंय, म्हणून बोललो." ज्याच्या त्याच्या तोंडी राहीच. मी कोण मग? मला काय ती नकोशी झालीय? तिला पोटभर खाताना बघायला मी पंधरा वर्षं समुद्रात मेलो. कुणी मला विचारलं, कोंडाजी, तुला कसं वाटतं? एकानं नाही.

राही आता पाटीचं नाव काढत नाही. वाढलेलं सगळं खाते. चोळ्या पुन्हा घट्ट झाल्यात. बोलत नाही. बरं आहे, घर शांत आहे.

होडीवर खलाशी मला हसतात. म्हणतात तांडेल एकटेच पाण्याचा हंडा संपवतात. खारा वारा आहे, इंजिनाची धग आहे, तहान लागणारच.

२१ मार्च, शिमगा

काल होळी लागली. तिथंच सांगण्यासारखा चमत्कार झाला.

राही होळीला नारळ अर्पण करायला गेली. फेरा घालताना निखाऱ्यावर पाय पडला आणि तिला कळलंच नाही! फेरा पुरा केला. मागच्या बायकांना वास आला, त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा तिनं खाली बघितलं. तळव्याला निखारा चिकटलेला. जनीनं हातानं झटकला, जनीचा हात पोळला, ती किंचाळली. आणि राही उभीच. "दुखत न्हाय," म्हणाली.

मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, बघा, बघा, देवीची कृपा! निखाऱ्यावर पाय पडला आणि दुखलं नाही! लोकांनी नमस्कार केले. दोन बायकांनी राहीच्या पाया पडून ओटी भरली.

मी आनंदात होतो, पण राही सारखी पायाकडं बघत होती. घरी आल्यावर हळूच म्हणाली, "दुखायला पायजे होतं वो." मला इतका राग आला! देवी एवढं देते आणि हिला दुखायला पाहिजे.

८ एप्रिल

पायाचा फोड भरत नाही. हळद लावली, खोबरेल लावलं, जनीनं कसला पाला बांधला. कडेनं काळं पडलंय. दुखत नाही म्हणते, मग घाबरायचं कशाला? पण वास येतो. उदबत्ती लावून ठेवली.

जनी आज उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं ने." मी सांगितलं, जत्रा अकरा-बारा दिवसांवर आलीय. आता इस्पितळात टाकली की सुया मारून मारून अर्धी करतील. तुला झाली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः नेतो. देवीच्या पुढं बसल्यावर पाय आपोआप सुधारेलही. मी काय तिचा वैरी आहे?

नारळ आले. बैलगाडी भरून. अंगणात रास केली. राही खिडकीत बसून राशीकडं बघत होती. मी म्हटलं, "बघ, हे सगळं तुझ्यासाठी."

"व्हय," ती म्हणाली. "माझ्यासाठीच."

१९ एप्रिल, जत्रा

लिहायला हात चालत नाही, तरी लिहितो.

सकाळी ताशे लागले. वडाच्या फांदीला काटा टांगला. राहीला हिरवं लुगडं, नवी चोळी, नथ. पायाला स्वच्छ फडकं बांधून वरून लुगडं सोडलं. आम्ही चौघांनी उचलून तिला पाटावर बसवली. सगळा कोळीवाडा, वरच्या गावचे शेतकरी, श्रीवर्धनचे व्यापारी, सगळे जमलेले. मी एकेक नारळ स्वतः पारड्यात ठेवत होतो. रास चढत गेली, राहीचं पारडं जमिनीवरून हलेना. लोक ओरडत होते, आणखी, आणखी! माझी छाती भरून आली. ज्या बाईला पेज मिळत नव्हती तिच्या तोलाला नारळ पुरत नव्हते. खोटं कशाला लिहू, जन्मात एवढा आनंद झाला नव्हता.

शेवटच्या टोपलीला पारडं उचललं. राही वर आली. गर्दीनं गजर केला. ती काहीतरी म्हणत होती, मला ऐकू येईना. जवळ गेलो. "उतरवा मला," म्हणत होती. "अंगात कापरं भरलंय, उतरवा."

मी म्हटलं, आरती होऊ दे.

तेवढ्यात जनी गर्दीतून घुसली आणि तिनं राहीच्या पायावरचं लुगडं सर्रकन वर ओढलं. फडकं ओलं झालेलं, खाली टपकत होतं, माश्या बसलेल्या. बोटं काळी. "बघा रे," जनी ओरडली, "बघा कोंडाजीचं ऐश्वर्य!"

ताशे थांबले. राही पाटावरून कलंडली. तिला धरायला मी पुढं झालो तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

२७ एप्रिल, मुंबई

पाऊल गेलं. घोट्याच्या वर कापलं. कापलं नसतं तर पाय गेला असता, नाहीतर राही.

इथला मोठा डॉक्टर रतनवर ओरडला, इतके दिवस काय करत होता म्हणून. रतननं माझ्याकडं बोट केलं नाही. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. पोटच्या पोरीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

श्रीवर्धनच्या डॉक्टरनं नीट समजावून का सांगितलं नाही? मी हात उचलला म्हणून काय झालं, त्यानं मला धरून बसवायचं होतं. रावजीनं ठणकावून का सांगितलं नाही? जनीनं मला फरपटत का नेलं नाही? सगळे बोलले आणि गप्प बसले. असं लिहितोय आणि लिहिताना कळतंय की सगळे बोलले होते.

संध्याकाळी राहीच्या खाटेशी बसलो. ती म्हणाली, "देवीकडं माझ्या पावलाच्या वजनाचे नारळ जास्तीचे गेले. गेलात की मागून घ्या."

मी हसलो नाही. तीही हसत नव्हती.

९ मे

घरी एकटाच. होडी बंद ठेवून किती दिवस बसणार, म्हणून आलो. राहीजवळ रतन आहे. रोज सुई टोचतात, मोजून जेवण देतात. भाजी, डाळ, एक भाकरी. रतन म्हणते आई उतरलीय, तरतरी आलीय. पाय कापून तरतरी!

घरात करायला कोणी नाही. चहा आणि खारी यांच्यावर दिवस काढतो. जनीनं एकदा कालवण आणून दारात ठेवलं आणि एक शब्द न बोलता गेली.

मोरीत मुंग्यांची रांग लागलीय. राख टाकली, गरम पाणी ओतलं, मेल्या जात नाहीत. सगळं जग माझ्या वाईटावर.

२४ मे

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीनं राही आली. आगबोटीतून होडीत, होडीतून किनाऱ्याला. खलाशी पुढं झाले, मी त्यांना हाकललं. एकट्यानं उचलली. उचलली गेली! खांद्यावर तिचा हात, दुसऱ्या हातात कुबडी. इतकी हलकी लागली की मला रडूच फुटलं. पंधरा वर्षांपूर्वीची राही आठवली, मोरीपर्यंत नेताना. त्या दिवशी वाईट वाटलं होतं, आज बरं वाटत होतं, मग आज रडत का होतो तेही समजेना.

वाळू लागली तशी ती म्हणाली, "खाली ठेवा मला."

"घरापर्यंत नेतो की."

"खाली ठेवा. चालायचंय. त्या डॉक्टरनं पयल्याच दिवशी सांगितलेलं."

ठेवली. कुबडी वाळूत रुतत होती, दोनदा तोल गेला. मी हात पुढं केला तर "हात काढा" म्हणून खेकसली. जनी बंदरावरून पाटी टाकून धावत आली, तिचा मात्र हात धरला. दोघी पुढं, मी मागून. त्या एवढ्या हळू चालत होत्या तरी दम मलाच लागला. उंबऱ्याशी टेकून बसलो आणि पाणी मागितलं. अख्खा तांब्या संपवला, दुसरा मागितला.

राही मोरीत हातपाय धुवायला गेली. धुवून आली नाही. बघतो तर कुबडीवर ओणवी होऊन जमिनीकडं बघत उभी. मुंग्यांची काळी रांग भिंतीपासून पार मोरीच्या भोकापर्यंत.

"राख टाकली," मी म्हटलं, "तरी जात न्हायत."

"महिनाभर मी घरात न्हवते," ती म्हणाली. "मग या कुणाच्या?"

मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" आवाज चढवायला गेलो, चढला नाही. ती माझ्या पोटाकडं, न लागणाऱ्या गुंडीकडं, हातातल्या तांब्याकडं बघत होती. मला वाटलं आता उट्टं काढेल. तिचा हक्क होता. ती चुलीपाशी जाऊन बसली.

मी सवयीनं चहा मागितला. तिनं बिनसाखरेचा पुढं केला. पेला भिंतीवर मारणार होतो. हातात धरून बसलो, मग प्यायलो. कडू होता.

"उद्या सकाळी तुमी श्रीवर्धनला, डॉक्टरकडं," ती म्हणाली. "होडीनं न्हाय. चालत."